खर्ज ऐकू येण्यासाठी

घरातली ध्वनियंत्रणा पारखायची असेल तर मी तानपुरा लावतो. गाणं सुरू होण्याआधीचा, नुसता तानपुरा. चित्रपटसंगीत बहुतेक यंत्रांवर बऱ्यापैकी वाजतं, कारण ते रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे वाजावं याच हिशेबाने घडवलेलं असतं. तानपुऱ्याचं तसं नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की, तारेचा जो स्वरांश पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे उमटायलाच नको, तोही तानपुऱ्यात स्पष्ट उमटतो. याचं कारण तारा ज्यावर टेकतात त्या घोडीत आहे. ती रुंद आणि किंचित गोलसर असते, तिच्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो, आणि कंप पावणारी तार घोडीला सतत टेकत-सुटत राहते. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची ती भरदार झणक, काढतात तेव्हा ते याच टेकण्या-सुटण्याला कानाने आकार देत असतात.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्यातल्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. तिथून वर काही हजार हर्ट्झपर्यंत स्वरांशांची दाट वीण, आणि तीही अखंड. म्हणजे यंत्रणेच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीची परीक्षा एकाच वेळी चालू असते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून यातला खालचा भाग जवळजवळ येतच नाही. तरीही षड्ज कळतो, कारण वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. सूर कळतो, पण खर्जाचा देह मिळत नाही. गायकाचा आवाज ज्यावर टेकायचा ती जमीनच हरवते.

ती जमीन घरी परत कशी आणायची, यासाठी हा लेख. आणि त्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. घरचा आवाज सुधारायला निघालेली बहुतेक माणसं पैसे उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी महागडी केबल, मग डिजिटल फाइलचा विद्युत्-संकेत करणारा नवा कन्व्हर्टर, मग जास्त आकड्यांच्या फाइली. स्पीकरचा विचार त्यानंतर. आणि खोलीचा तर कधीच नाही. प्रत्यक्षात आवाज सगळ्यात जास्त बिघडतो तो खोलीत, त्याखालोखाल स्पीकरमध्ये. डिजिटल भागाचा प्रश्न बराचसा चाळीस वर्षांपूर्वीच सुटलेला आहे.

तो कसा सुटला ते समजून घेण्यासारखं आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात. हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपमधून. सुरुवातीच्या काळात इतकी डिजिटल माहिती साठवण्याची सोय व्हिडिओ रेकॉर्डरमध्येच होती. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने, अशा वापरण्याजोग्या २४५ ओळी, आणि सेकंदाला ६० क्षेत्रं. गुणाकार केला की ४४,१०० येतात. दिसायला ही तडजोड, पण ती पुरेशी ठरली. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, नमुने ज्या वेगाने घेतले त्याच्या निम्म्यापर्यंतचे सगळे कंप त्या नमुन्यांतून जसेच्या तसे परत मिळतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि तोही तरुणपणी. साठीत बहुतेकांना १२,००० च्या वरचं फारसं ऐकू येत नाही.

‘डिजिटल म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज’ असं चित्र जाहिरातींत वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. ते चूक आहे. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा विद्युत्-संकेत गुळगुळीतच असतो. त्यात पायऱ्या नसतात. १६ बिटांतून सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. रात्री पंखा बंद केलेल्या शांत फ्लॅटमध्येही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्याच्यावर ९६ डेसिबलचा पल्ला पूर्ण वापरायचा म्हटलं, तर सर्वांत मोठा स्वर कानाला इजा करील.

मग ‘हाय-रेझोल्यूशन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींचं काय? अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी ही गोष्ट कसोटीला लावली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. ऐकणाऱ्याला काय चालू आहे ते ठाऊक नव्हतं. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. १२,५०० हून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षित श्रोत्यांचं त्याहून बरंच जास्त. म्हणजे फरक अजिबात नाही असं म्हणता येत नाही, पण असलाच तर तो शोधायला प्रयोगशाळा लागते. मी माझ्या खिशातला एकही रुपया त्या फरकासाठी वेगळा काढणार नाही.

डिजिटल साखळीत आवाज खराब होतो तो वेगळ्या ठिकाणी: फाइल आवळून लहान करताना. एमपीथ्रीचं तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं. मोठ्या स्वराच्या सावलीत लहान स्वर कानाला ऐकू येत नाही, तेव्हा तो फाइलीतून गाळून टाकायचा, हा त्याचा पाया. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी हे तंत्र पारखायला सुझान व्हेगा या गायिकेचं वाद्यांविना गायलेलं गाणं घेतलं होतं, कारण एकट्या मानवी आवाजात गाळणीचे दोष लपत नाहीत. ख्याल ऐकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे तोच एकटा आवाज, वर तानपुऱ्याची दाट वीण, आणि तबल्याचे ‘ना’, ‘ता’ यांसारखे टोकदार बोल. कमी बिटरेटच्या फाइलीत तानपुरा पाण्यातून आल्यासारखा हिंदकळतो आणि तबल्याच्या बोलाची कड बोथट होते, कारण आघाताचा थोडा अंश आघाताच्या आधीच सांडतो. ३२० किलोबिटला हे दोष बहुतेकांना सापडत नाहीत, १२८ ला सहज सापडतात. म्हणून स्वतःचा संग्रह एफएलएसी या स्वरूपात ठेवावा. २००१ पासून ते मोफत उपलब्ध आहे, जागा सीडीच्या साधारण निम्मी लागते आणि एकही बिट गळत नाही.

ब्लूटूथबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ॲपल म्युझिकने २०२१ च्या जूनमध्ये जादा पैसे न घेता ‘लॉसलेस’ संगीत द्यायला सुरुवात केली. अनेकांनी ती सोय चालू केली आणि ते त्याच कंपनीच्या बिनतारी इअरफोनवर ऐकू लागले. पण ब्लूटूथमधून जाताना तो आवाज पुन्हा आवळलाच जातो. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट; ब्लूटूथचं सर्वसाधारण एसबीसी स्वरूप चांगल्या स्थितीत ३२८; सोनीचं एलडीएसी फार तर ९९०. चालता-फिरता ऐकायला हे ठीक आहे. घरी बसून ऐकायचं असेल तर तार जोडावी, किंवा वाय-फायवरून आवाज घेणारं उपकरण लावावं.

माझे मामा डोंबिवलीला राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी ‘आता नीट ऐकायचं’ असं ठरवलं आणि एका दुकानदाराच्या सल्ल्याने बरंच सामान घरी आणलं. वेगळा कन्व्हर्टर, सोनेरी टोकांच्या जाडजूड केबली, विजेसाठी वेगळी पट्टी. स्पीकर मात्र जुनेच, टीव्हीच्या शोकेसमधल्या दोन कप्प्यांत कोंबलेले. वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की स्पीकरमधून गुरगुर यायची. ती जात नाही म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

गुरगुरीची कारणं दोन निघाली. त्यांचा इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरीचा होता. अशा लहरीत ५० हर्ट्झच्या पटीतले कितीतरी कंप मिसळलेले असतात आणि तेच ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला की हा त्रास जातो. दुसरं कारण अर्थिंगचं. टीव्ही केबलवाल्याच्या वायरीतून एका बाजूने जमिनीशी जोडलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बाजूने, आणि दोन्हींमधल्या वेटोळ्यातून सतत थोडा प्रवाह वाहत होता. टीव्ही आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल लावली. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. अर्थिंगमुळे येणारी गुरगुर त्या क्षणी थांबली. ही केबल अगदी साधी, शंभर-दोनशे रुपयांची होती.

मग कन्व्हर्टरची गोष्ट निघाली. मामांचा त्या नव्या यंत्रावर फार जीव जडला होता. मी त्याच्या जागी फोनला लावायचा छोटा, हजारभर रुपयांचा डोंगल जोडला आणि दोन्हींमध्ये अदलाबदल करत राहिलो.

“मामा, डोळे मिटून बसा. कुठला चालू आहे ते मी सांगणार नाही.”

“अरे, सांगायचं काय त्यात! आत्ताचा भरदार आहे, आधीचा पोकळ होता.”

“आत्ताचा थोडा मोठा आहे, मामा. आता दोन्ही सारखे करतो, मग सांगा.”

आवाजाची पातळी मोजून सारखी केल्यावर त्यांना फरक सांगता येईना. मलाही येत नव्हता. दुकानात तुलना करताना नेमका हाच घोळ होतो. अर्धा डेसिबल जास्त असलेला आवाज मोठा आहे असं जाणवत नाही. तो ‘चांगला’ आहे असंच जाणवतं. म्हणून पातळी मोजून सारखी केल्याशिवाय आणि डोळे झाकल्याशिवाय केलेल्या तुलनेवर हजारो रुपये लावू नयेत. फोनच्या जॅकमध्ये खरखर असेल, किंवा जॅकच नसेल, तर बाहेरचा कन्व्हर्टर जरूर घ्यावा. तो साधाच पुरतो.

स्पीकरच्या वायरीचंही तेच. घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०८ ओहमच्या आत राहतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा एक टक्का. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ही वायर मिळते.

खरे पैसे लावायचे ते स्पीकरवर. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांची पसंती तपासली. शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत १९९४ साली त्यांनी तेच स्पीकर आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले. डोळ्यांना दिसू लागताच लोकांनी मोठ्या आणि महागड्या स्पीकरांना जास्त गुण दिले. पडदा असताना मात्र वेगवेगळ्या वयाच्या आणि आवडीच्या माणसांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळत होती. ज्या स्पीकरचा आवाज समोरून सपाट येतो, म्हणजे कुठलीच पट्टी फुगत किंवा दबत नाही, आणि बाजूला फेकला जाणाराही तशाच चढउतारांशिवाय मंद होत जातो, तो त्यांना आवडायचा. बाजूचा आवाज महत्त्वाचा, कारण खोलीत आपल्या कानावर पडणारं बरंचसं भिंतीवरून परतून येतं. आज अनेक स्पीकरांचे असे आलेख मोजून प्रसिद्ध केलेले असतात. वॉटचा आकडा पाहण्यापेक्षा तो आलेख पाहावा. घरात सरासरी एक वॉटदेखील पुष्कळ असतो. मध्यम संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ८६-८७ डेसिबल देतो, आणि तेवढ्या आवाजात शेजारी दार ठोठावतील. जास्त वॉट लागतात ते तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेपुरते.

खर्जासाठी शंकूचा आकार हवा. पाच-साडेपाच इंची शंकूचे बरेच चांगले शेल्फ स्पीकर ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरतात. त्यांत काळी एकचा खर्ज येतो आणि डग्ग्याचा घुमाराही येतो. टीव्हीखालच्या पातळ साउंडबारमध्ये तो येत नाही. त्याला सोबत सबवूफर जोडलेला असला तरी बहुतेकदा मधली पट्टी पोकळ राहते, आणि पुरुष गायकाचा गळा नेमका तिथेच असतो.

पण चांगले स्पीकर आणले आणि शोकेसमध्ये ठेवले, तर काही उपयोग नाही. इथे आपण खोलीपाशी येतो, आणि सगळ्यात जास्त सुधारणा इथेच, जवळजवळ फुकटात मिळते.

आपल्याकडची हॉलची खोली साधारण दहा फूट बाय बारा फूट, उंची नऊ ते दहा फूट. जमिनीवर गुळगुळीत फरशी, भिंती सिमेंटच्या, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक कंप उभे राहतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्याला अंतराच्या दुपटीने भागलं की तो कंप मिळतो. बारा फुटांसाठी ४७ हर्ट्झ, दहा फुटांसाठी ५७, नऊ फुटांसाठी ६३, आणि यांच्या पटी व संयोग वेगळेच. या प्रत्येक कंपाला खोलीत फुगण्याच्या आणि नाहीसं होण्याच्या जागा ठरलेल्या. भिंतीशी आणि कोपऱ्यात तो फुगतो, दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर पहिला कंप जवळजवळ संपतो. म्हणूनच कोपऱ्यातल्या खुर्चीत डग्गा नुसता धमधमतो आणि खोलीच्या मध्यावर उभं राहिलं की खर्ज गायब होतो. खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा असेल तर तिन्ही दिशांचे कंप एकाच जागी, ५७ वर, येऊन एकमेकांवर चढतात. ऐकण्यासाठी याहून वाईट खोली नाही. दुसरी खोली उपलब्ध असेल तर ऐकण्याची जागा तिकडे न्यावी.

आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकवलेला असतो आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. म्हणजे ऐकणारा नेमका सगळे कंप फुगतात तिथे बसतो. मामांचा सोफा आम्ही दोन फूट पुढे ओढला. मामी आधी नाराज झाल्या, कारण मागून झाडू फिरवायला जागा सोडावी लागणार होती. पण डग्ग्यातला घिस्सा पहिल्यांदा सुटा ऐकू आला तेव्हा त्यांनीच “राहू दे असाच” म्हटलं. स्पीकर शोकेसमधून बाहेर काढले. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून घेतले, इतक्या उंचीचे की बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत वरचा लहान शंकू यावा. मागच्या भिंतीपासून दीड फूट, दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर साधारण तेवढंच त्यांच्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत, आणि तोंडं किंचित आत वळवलेली. एवढ्याने गायक दोन्ही स्पीकरांमधून निघून मध्ये येऊन बसला. तबला आपल्या जागी गेला, संवादिनी आपल्या.

उरला तो झणझणाट. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की मागे जो धातूसारखा फरफराट येतो, तो समोरासमोरच्या उघड्या भिंतींमुळे. आकार, सरगम, द्रुत तान, सगळ्यांवर तो चढतो. फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला दुपदरी जाड पडदा, आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट, हे पहिले उपाय. पातळ स्पंजच्या पट्ट्या फक्त वरच्या पट्टीला शोषतात, त्यामुळे खोली आणखी बोजड वाटते. अंड्याचे ट्रे चिकटवण्याचा उपाय अजून लोक करतात; त्यांनी फारसं काहीच शोषलं जात नाही. जाडी का लागते ते सोपं आहे. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब, तिला बोटभर जाड वस्तू कशी अडवणार? चार इंची रॉकवूलच्या पाट्या लाकडी चौकटीत बसवून, कापड गुंडाळून, भिंतीपासून थोड्या अंतरावर लावल्या तर त्या बऱ्याच खालपर्यंत काम करतात. चौकट कुठलाही सुतार करून देतो. ज्यांना एवढं नको त्यांनी कापसाची गादी कोपऱ्यात उभी करून एकदा ऐकून पाहावं.

खालच्या पट्टीतला जो फुगवटा तरीही राहतो तो मोजून काढता येतो. आरईडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा एक यूएसबी माइक एवढं पुरतं. आलेखात ५७ वर टेकडी दिसली तर तिथला आवाज इक्वलायझरने तेवढाच खाली ओढायचा. खड्डा दिसला तर मात्र भरायला जाऊ नये. तिथे लहरी एकमेकींना रद्द करत असतात आणि कितीही जोर लावला तरी तो भरत नाही. त्याला उपाय म्हणजे स्पीकर किंवा खुर्ची सरकवणं.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सुटं सुटं मिळतं, आणि थोडं कौतुकाने विचारलं की तिथले जुने कारागीर खूप काही सांगतात. चांगल्या अवस्थेतला जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करून घेणं हा अजूनही उत्तम व्यवहार आहे. डिजिटल भागासाठी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, त्यावर व्होल्युमिओसारखी संगीताची प्रणाली, आणि एक हार्ड डिस्क, एवढ्यात घरचा सगळा संग्रह फोनवरून वाजवता येतो.

आवाज किती मोठा ठेवावा हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, ही प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा. प्रत्येक तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. हेडफोनवर ऐकणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं, कारण गेलेला कान परत येत नाही.

सगळं जमलं की यंत्रणा ध्वनिमुद्रण उघडं पाडू लागते, आणि आपल्या संगीतात हा भाग फार मोठा आहे. गायिका गौहरजान यांच्या १९०२ मधल्या तबकड्या कर्ण्यात गाऊन केलेल्या. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. त्या जुन्या तबकड्यांत खर्ज नाहीच, तो कुठल्याही स्पीकरने येणार नाही. तिथे ऐकायची ती लयकारी, उच्चार, तीन मिनिटांत राग उभा करण्याची हातोटी. त्या फाइलीवर ‘हाय-रेझोल्यूशन’ लिहिलेलं असलं तरी त्याने मुळातलं काही वाढत नाही.

पण अनेक घरांत त्याहून चांगलं काही पडून आहे: खासगी मैफलींच्या स्पूल आणि कॅसेटी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, लेप सुटतो, आणि प्रत्येक पावसाळ्यात त्या थोड्या आणखी जातात. नव्या यंत्रणेवर खर्च करणाऱ्याने त्यातला काही भाग यासाठी राखून ठेवावा. चांगला, हेड स्वच्छ असलेला डेक, आणि प्रत्येक कॅसेटगणिक हेडचा कोन जुळवण्याची सवय. नाही तर वरची पट्टी मरते. इथे मात्र २४ बिट घ्यावेत, कारण ध्वनिमुद्रण करताना पातळीला मोकळी जागा लागते. पहिली प्रत कसलीही सफाई न करता तशीच एफएलएसीत जपावी, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीत. मामांकडे अशा दोन खोकी कॅसेटी निघाल्या आहेत. काहींवर नुसती तारीख आहे, काहींवर तीही नाही. तबल्याला कोण होतं, बैठक कुणाच्या घरी झाली, हे सांगू शकतील अशी त्यांच्या वेळची दोन-तीन माणसं डोंबिवलीतच आहेत. त्यांना बोलावून, ऐकवून, त्या-त्या फाइलसोबत ते लिहून ठेवण्याचं काम सध्या चालू आहे.